डोळ्यांतले फूल आणि चिखलातला जीव

आपला भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल डोळ्यांत उडणे नित्याचेच. डोळा लाल होतो, ठणकतो, बुबुळावर पांढरा डाग दिसतो. 'फूल पडले' म्हणून आपण दुकानातून थेंब आणतो. पण हा व्रण केला कोणी? जीवाणूंनी, बुरशीने, विषाणूने, की अकँथअमीबाने?

अकँथअमीबा हा माती-पाण्यात राहणारा एकपेशी जीव. बुबुळावरचा पारदर्शक पडदा खरचटला की तो आत शिरतो. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा डोळ्यांत काचभिंगे घालणाऱ्यांना गाठतो. आपल्याकडे चिखलात राबणाऱ्यांनाही. व्रणाच्या मानाने वेदना फार, पुढे व्रणाभोवती कडे, ही त्याची लक्षणे; पण ती प्रत्येकात दिसतीलच असे नाही. म्हणून नुसत्या नजरेने निदान फसते.

खात्रीचा मार्ग साधा आहे. डोळा बधिर करून व्रणाचे कण खरवडतात आणि पोटॅशच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुहेरी भिंतीचे कोश दिसले की चोर सापडला! काही कण कोलाय जंतू पसरलेल्या अगरवर ठेवतात. अमीबा असल्यास ते जंतू खात तो वाढतो, आणि काही दिवसांत उघडा पडतो.

निदानाआधी स्टेरॉइडचे थेंब घातले, तर लाली ओसरते, पण रोग आत बळावतो. योग्य औषधही कित्येक महिने लागते. उशीर झाल्यास दृष्टी जाते. म्हणून श्रोतेहो, थेंब मागण्यापूर्वी नेत्रवैद्याला एवढेच विचारा: "खरवडून पाहिले का?"