पहिला तंबोरा
केडगावांतल्या घरीं मुलगी गाणें शिकूं लागली, कीं तंबोऱ्याची निवड आलीच. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तरी केवळ नांवावर भुलूं नये. प्रथम गळा पाहावा. पुढें घरांत सर्वांस उपयोगी पडेल म्हणून मुलीस मोठा पुरुषी तंबोरा घेणें ही काटकसर फसवी: तारा तिच्या पट्टीपर्यंत चढविल्यास तुटतात, आणि उतरून गावयास लावल्यास गळा दबतो. भोपळ्यास चीर नाहींना, हें टिचकी मारून पाहावें. खरी कसोटी मात्र खर्जाच्या पितळी तारेची. घोडीवर तारेखालीं सूत हळूहळू सरकवावें. एका जागीं तार गुंजूं लागते, तीच जवारी. ती लागेना, तर घोडी कारागिराकडूनच घासून घ्यावी.