वस्तीतील बचत गट आणि फिरता निधी

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा येथे नगरपरिषद आहे, म्हणून कागदोपत्री ते शहर ठरते. राहुरी फॅक्टरी या नावाने ओळखली जाणारी, साखर कारखान्याभोवती वाढलेली वसाहतही याच नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. परंतु गावठाण ओलांडले की उसाचे मळे, गोठे आणि विखुरलेल्या वस्त्या लागतात. खुरपणीला जाणारी एखादी बाई नगरपरिषदेच्या हद्दीत राहते की शेजारच्या ग्रामपंचायतीच्या, हे तिच्या कामावरून किंवा मजुरीवरून सांगता येणार नाही. शासनाच्या दृष्टीने मात्र या दोन हद्दींमध्ये एक रेघ आहे, आणि तिच्या बचत गटाला कोणत्या योजनेखाली किती अनुदान मिळावयाचे, हे त्या रेघेवरून ठरते.

ग्रामीण भागातील गट २०११ पासून ‘उमेद’ अभियानाखाली येतात. नागरी भागासाठी १ डिसेंबर १९९७ पासून सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना होती. २०१३ मध्ये तिची जागा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घेतली. प्रारंभी या अभियानाचा भर जिल्ह्याची मुख्यालये आणि एक लाखाहून अधिक वस्तीची शहरे यांवर होता. २०१६ मध्ये त्याला दीनदयाळ अंत्योदय योजनेचे नाव मिळाले आणि सर्व नगरपरिषदा व नगरपंचायती त्यात समाविष्ट करण्यात आल्या. देवळाली प्रवरासारख्या लहान नगरपरिषदांना या अभियानाचे दार त्या वेळी उघडले.

या दोन नागरी योजनांमधील फरक केवळ नावाचा नव्हता. सुवर्णजयंती योजनेत किमान १० महिलांच्या गटाला सामूहिक उद्योगासाठी प्रकल्प खर्चाच्या निम्मे, परंतु कमाल १,२५,००० रुपये, अनुदान देण्यात येत असे. बचत व पतसंस्था म्हणूनही गट काम करू लागला, तर प्रत्येक सभासदामागे १,००० व एकूण कमाल २५,००० रुपयांचा फिरता निधी मिळे. २००९ मध्ये या रकमा वाढविण्यात आल्या. योजनेचा हेतू चांगलाच होता. पण अनुदान मोठे आणि गट नवा असला, की गट कशासाठी जमला हा प्रश्न उभा राहतो. ज्या महिलांनी एकमेकींना कधी शंभर रुपये उसने दिलेले नाहीत, त्यांनी एकत्र येऊन लाखाचा उद्योग चालवावा, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

नागरी उपजीविका अभियानाने हा क्रम उलटा केला. आधी गटाने नियमित बैठका, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या वह्या ही पंचसूत्री पाळावयाची. मग त्याला एकदाच १०,००० रुपयांचा फिरता निधी मिळावयाचा. गटात १० ते २० सभासद असावेत आणि त्यांपैकी किमान ७० टक्के नागरी गरीब कुटुंबांतील असाव्यात, अशी अट होती.

१०,००० रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे. तिचे मोल कळण्यासाठी एक साधा हिशेब मांडावा लागेल. समजा, १० महिलांनी दरमहा प्रत्येकी १०० रुपये बाजूला टाकले. सहा महिन्यांत गटाजवळ ६,००० रुपये जमतात. त्यात फिरता निधी मिळविला की १६,००० होतात. त्यातून चौघींना प्रत्येकी ४,००० रुपये कर्ज देता येते : एकीला शेळीसाठी, दुसरीला मुलाच्या शाळेच्या खर्चासाठी, तिसरीला दवाखान्यासाठी, चौथीला भाजीच्या गाड्यासाठी. चौघींनी दहा हप्त्यांत परतफेड केली, तर दरमहा १,६०० रुपये मुद्दल परत येते. त्यात नवी बचत १,००० रुपये. म्हणजे पाचव्या बाईला कर्ज मिळण्यास दोन महिन्यांहून अधिक थांबावे लागत नाही. व्याज गटाने ठरवावयाचे आणि ते गटातच राहावयाचे. हाच निधी दहाजणींनी वाटून घेतला, तर प्रत्येकीच्या वाट्याला १,००० रुपये येतात आणि आठवडाभरात संपतात. निधी मिळाल्यावर तो समान वाटून टाकण्याचा मोह होतो. ‘सरकारने दिले, सर्वांचे आहेत’ हा युक्तिवाद ऐकायला न्याय्य वाटतो. परंतु त्यामुळे गटाजवळ पुढे फिरविण्यासाठी काहीच उरत नाही.

फिरत्या निधीचा दुसरा उपयोग बँकेच्या दारात होतो. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट व बँका यांच्या जोडणीचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून बँक गटाची मालमत्ता न पाहता त्याच्या वह्या पाहून कर्ज देते. नागरी अभियानात अशा कर्जावरील ७ टक्क्यांपुढचे व्याज शासन सोशीत असे, आणि वेळेवर फेड करणाऱ्या महिला गटांना आणखी ३ टक्के सवलत असे. नियमित गटाला कर्ज ४ टक्क्यांनी पडे. अशा १० ते २० गटांचा वस्तीस्तर संघ नोंदविला गेला, तर त्याला ५०,००० रुपये वेगळे मिळत.

राज्य शासनाने २०२३ मध्ये ग्रामीण गटांचा फिरता निधी १५,००० रुपयांवरून ३०,००० रुपये केला. केंद्राच्या नागरी अभियानाच्या नियमांत मात्र ही रक्कम १०,००० रुपयेच राहिली. एकाच बांधाच्या दोन बाजूंना खुरपणी करणाऱ्या दोन बायांच्या गटांत हा तिप्पट फरक पडला. मोठ्या शहरांच्या मानाने ठरविलेले निकष अर्ध्या शेतीच्या नगरपरिषदेला लावले, की असे घडते. दरमहा १०० रुपये टाकणे ज्यांना जमत नाही, अशा महिला दोन्हीकडे गटाबाहेरच राहतात. आणि हंगामात उसाच्या फडावर कोप्यांत राहणाऱ्या तोडणी कामगार महिला तर कोणत्याच वस्तीच्या यादीत नसतात.

नागरी अभियानाचा कालावधी सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. त्यानंतर केंद्राने निवडक शहरांत नव्या योजनेचा पथदर्शी प्रयोग हाती घेतला. लहान गावांतील गट मात्र योजनेबरोबर विसर्जित होत नाहीत. त्यांची बँक खाती, कर्जे आणि सभासद जागेवरच असतात. अभियानात समुदाय संघटक गटांच्या बैठकांना जात आणि वह्या तपासत. ते काम कोणी करावयाचे, हा प्रश्न नगरपरिषदेपुढे येतो. महिला व बालकल्याणासाठी नगरपरिषदेला आपल्या अर्थसंकल्पात राखून ठेवावी लागणारी ५ टक्के रक्कम येथे उपयोगी पडू शकते. शिलाई यंत्रांच्या वाटपावर ती खर्च होते, तेव्हा छायाचित्र चांगले येते. हिशेब लिहिणाऱ्या महिलांच्या प्रशिक्षणावर खर्च केली, तर छायाचित्र येत नाही, पण गट टिकतो.

पूर्वी मिळालेला निधी अजून फिरतो आहे की नाही, हे पाहण्यासाठी सभासदांच्या संमतीने चार गोष्टी पाहिल्या तरी पुरेसे होते : हजेरी व इतिवृत्ताची वही, बचतीची वही, कर्जखाते आणि बँकेचे पासबुक. कर्जखात्यात गेल्या तीन महिन्यांत नवे नाव चढले नसेल, तर पहिली चौकशी तेथून सुरू करावी.