जुन्या कर्जदाराचा दर

गृहकर्जातल्या छुप्या खर्चाचा विषय निघाला की बोलणं प्रोसेसिंग फीवर येऊन थांबतं. दसऱ्याच्या जाहिरातीत ‘प्रोसेसिंग फी शून्य’ असं ठळक छापलेलं असतं, आणि मग लीगल, व्हॅल्युएशन, डॉक्युमेंटेशन अशा नावांनी तीन-चार आकडे अलगद पुढे सरकवले जातात. वर त्या प्रत्येकावर १८ टक्के जीएसटी. त्याचा राग येणं रास्तच आहे. पण गेल्या जवळपास पाच दशकांचा हिशेब मांडला तर हे पैसे चिल्लर निघतात. मोठी रक्कम गेली ती व्याजदरातून, आणि ती प्रामुख्याने जुन्या कर्जदारांची गेली. त्यांनी कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले आणि दराकडे पुन्हा पाहिलं नाही.

१९७७ साली आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेल्या हसमुखभाई पारेखांनी मुंबईत एचडीएफसी काढली. तोवर पगारदार माणसाचं घर म्हणजे पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बायकोचे दागिने. ऐन चाळिशीत घर होणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती, त्यामुळे कर्ज देणाऱ्याकडे लोक उपकारकर्त्याच्या नजरेने बघत. दर ठरलेला, हप्ता ठरलेला. अटी वाचायला कोण बसणार?

तरी त्या काळातही एक खुबी होतीच. हप्ता दरमहा जायचा, पण अनेक कर्जांत मुद्दल कमी व्हायचं ते वर्ष संपल्यावर. मे महिन्यात भरलेल्या मुद्दलावरही पुढच्या मार्चपर्यंत व्याज चालूच. याला ‘अ‍ॅन्युअल रेस्ट’ म्हणत. पाच लाखांचं, १४ टक्क्यांचं, पंधरा वर्षांचं कर्ज घेतलं तर या पद्धतीने हप्ता ६,७८४ रुपये येतो. दरमहा मुद्दल घटवलं तर ६,६५९. महिन्याला सव्वाशे रुपयांचा फरक, पण पंधरा वर्षांत साडेबावीस हजार. दोन्हीकडे दर १४ टक्केच लिहिलेला, म्हणजे खोटं काही छापलेलं नाही. पुढे दरमहा आणि मग रोजच्या शिलकीवर व्याज मोजण्याची पद्धत आली आणि ही खुबी हळूहळू मागे पडली.

१९९४ मध्ये रिझर्व्ह बँकेने दोन लाखांवरच्या कर्जांचे दर ठरवण्याची मोकळीक बँकांना दिली. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला खासगी बँका गृहकर्जात उतरल्या, स्पर्धा वाढली, दर उतरले आणि २००३-०४ च्या सुमाराला साडेसात टक्क्यांपर्यंत आले. कर्ज ‘फ्लोटिंग’ झालं. बाजारात दर उतरले की तुमचाही उतरेल, चढले की चढेल, असं सांगितलं जाई. चढण्याबद्दलचं वाक्य तंतोतंत खरं निघालं.

यातली मेख कळायला एक उदाहरण पुरेल. समजा, कंपनीचा ‘प्राइम लेंडिंग रेट’ म्हणजे पीएलआर १०.५ आणि तुम्हाला सवलत ३ टक्क्यांची. तुमचा दर साडेसात. बाजार चढला, पीएलआर १४ वर गेला, तुम्ही ११ वर. पुढे बाजार कोसळतो. कंपनी पीएलआर अर्ध्या टक्क्यानेच खाली आणते, १३.५. पण नव्या गिऱ्हाइकाची सवलत ३ वरून ५ करते. त्याला कर्ज साडेआठने मिळतं, तुम्ही साडेदहावर. करारात तुमची सवलत ३ टक्के अशी पक्की लिहिलेली, आणि पीएलआर ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी कंपनीचा, हेही तिथेच लिहिलेलं. तीस-चाळीस पानी इंग्रजी करार, प्रत्येक पानाच्या तळाशी सही, आणि शेजारी उभा असलेला एजंट ‘इथे, आता इथे’ म्हणत पानं उलटतोय, अशा अवस्थेत ते कलम कुणाच्या डोळ्यांत भरावं?

वीस लाखांच्या शिलकीवर दोन टक्के म्हणजे वर्षाला चाळीस हजार. पावती नाही, फीचं नाव नाही.

हे ज्याच्या लक्षात यायचं त्याच्यापुढे दोन वाटा असत. पहिली म्हणजे त्याच कंपनीत ‘कन्व्हर्जन’चा अर्ज करून शिलकीच्या अर्धा टक्का वगैरे भरायचा आणि नवा दर घ्यायचा. आपल्याच कंपनीचा आजचा भाव मिळावा म्हणून पैसे मोजण्याची ही तऱ्हा दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालली असती, असं वाटत नाही. दुसरी वाट दुसऱ्या बँकेत कर्ज हलवण्याची. तिथे मुदतपूर्व फेडीचा दंड आडवा यायचा, बहुधा २ टक्के. वीस लाखांवर पुन्हा चाळीस हजारच. हा दंड एकदाच भरायचा आणि दराचा फरक दरवर्षी, त्यामुळे साधं त्रैराशिक करणाऱ्यानेही कर्ज हलवायला हवं होतं. पण रोख चाळीस हजार दिसतात आणि हप्त्यात विरघळलेले चाळीस हजार दिसत नाहीत. सगळी इमारत या एका गोष्टीवर उभी होती.

रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो रेपो दर ऑक्टोबर २००८ मध्ये ९ टक्के होता, एप्रिल २००९ मध्ये ४.७५. जुन्या कर्जदारांना या घसरणीचा प्रसाद चमचाभर मिळाला. नव्यांसाठी मात्र स्टेट बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये, ओ. पी. भट अध्यक्ष असताना, पहिल्या वर्षी ८ टक्के दराचं कर्ज बाजारात आणलं आणि इतर बँकांना तसंच करावं लागलं. पहिली काही वर्षं स्वस्त, नंतर बाजारभाव. एचडीएफसीच्या दीपक पारेखांनी अशा कर्जांवर जाहीर टीका केली. त्यांचा धंदा त्यात मार खात होता, हे विसरून चालत नाही, तरी मुद्दा चुकीचा नव्हता. नोव्हेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने या ‘टीझर’ कर्जांसाठीची तरतूद ०.४० वरून २ टक्के केली. बंदी न घालता ती महाग केली, आणि २०११ मध्ये स्टेट बँकेने योजना गुंडाळली.

मुदतपूर्व दंडाची लढाई लांबली. स्पर्धा आयोगापुढे तक्रार गेली, पण डिसेंबर २०१० मध्ये आयोगाने बहुमताने दंड कायद्याला धरून असल्याचं ठरवलं. तेव्हा ते प्रकरण संपल्यासारखं वाटलं होतं. नॅशनल हाउसिंग बँकेने मात्र आदल्याच ऑक्टोबरमध्ये गृहवित्त कंपन्यांना सांगितलं होतं की स्वतःच्या पैशाने कर्ज फेडणाऱ्याकडून दंड घेऊ नका, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये फ्लोटिंग कर्जांना ही मुभा पैसा कुठूनही आणला तरी दिली. बँकांच्या ग्राहकसेवेवरच्या दामोदरन समितीनेही तीच शिफारस केली. ५ जून २०१२ ला रिझर्व्ह बँकेने बँकांनाही फ्लोटिंग गृहकर्जावरचा दंड बंद करायला लावला. त्या परिपत्रकात कारणही दिलं आहे: जुन्या आणि नव्या कर्जदारांतला भेदभाव कमी व्हावा. नियामकाने हा रोग नाव घेऊन लिहिला, म्हणून हे छोटंसं परिपत्रक मला मोठ्या अहवालांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

दंड गेल्यावर अडवण्याची तऱ्हा बदलली. कर्ज हलवायचं तर जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर आणि कागदपत्रांची यादी लागते. अर्ज दिला की साहेब रजेवर, सिस्टिम डाउन, आठवड्याने या. आणि या आठवड्यातच फोन येतो, ‘सर, जाताय कशाला, इथेच रेट कमी करून देतो.’ जो दर मागून मिळत नव्हता तो निघतो म्हटल्यावर मिळतो.

रिझर्व्ह बँक व्याजदराच्या मोजपट्ट्या बदलत राहिली. जुलै २०१० मध्ये बेस रेट, एप्रिल २०१६ मध्ये एमसीएलआर. दर वेळी नवी गाडी सुटली आणि जुने उतारू मागच्या स्टेशनावर राहिले. नव्या पद्धतीत यायचं तर अर्ज करा, बँकेशी बोलणी करा. ऑक्टोबर २०१७ मध्ये जनक राज यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाचा अहवाल आला. बँका बेस रेट आणि एमसीएलआर मोजताना मनमानी करतात आणि वरचा ‘स्प्रेड’ही हवा तसा वाकवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच सुमाराला मुंबईच्या मनीलाइफ फाउंडेशनने फ्लोटिंग कर्जदारांची बाजू घेऊन रिझर्व्ह बँकेला निवेदन दिलं आणि उत्तर मिळेना म्हणून सर्वोच्च न्यायालय गाठलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला सहा आठवड्यांत उत्तर द्यायला सांगितलं. डिसेंबरमध्ये बाहेरच्या मोजपट्टीची घोषणा झाली आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाह्य दराला बांधली गेली. दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलायलाच हवा, स्प्रेडमधला बँकेचा वाटा तीन वर्षं हलवायचा नाही. हा सर्वांत मोठा बदल. पण तो बँकांपुरता. गृहवित्त कंपन्या आजही आपापल्या पीएलआरवर चालू शकतात, आणि पगाराची स्लिप नसलेला, बँकेने परत पाठवलेला माणूस मुख्यतः त्यांच्याच दारात जातो.

बाह्य दराने उतरताना न्याय दिला, चढताना वेगळाच प्रकार समोर आला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ झाला. बँकांनी हप्ते तसेच ठेवले आणि मुदत ताणली, बहुतेकदा न विचारता. तीस लाखांचं, वीस वर्षांचं, ६.७५ टक्क्यांचं कर्ज धरा. हप्ता सुमारे २२,८१०. वर्षभराने शिल्लक सुमारे २९.२७ लाख आणि दर ९.२५. आता महिन्याचं नुसतं व्याजच सुमारे २२,५६० होतं, मुद्दलात जातात अडीचशेच्या आसपास रुपये. या चालीने ते कर्ज फिटायला आणखी जवळपास ४९ वर्षं लागतील. कर्जदाराला मात्र खात्यातून नेहमीचाच हप्ता जाताना दिसतो, त्यामुळे तो निश्चिंत. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, आणि स्थिर दरावर जाण्याचा पर्याय द्या. त्याच दिवशी थकलेल्या हप्त्यावरचं दंडव्याजही बंद करण्याचा हुकूम झाला. दंड घ्या, पण त्यावर व्याज चढवू नका. पुढच्या महिन्यात आणखी एक हुकूम निघाला. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये.

एका गोष्टीला या नियमांची झळ फारशी बसलेली नाही, ती म्हणजे विमा. पन्नास लाखांच्या कर्जाबरोबर दीड लाखाचा एकरकमी हप्ता असलेली पॉलिसी कर्जातच घालून देतात. ‘खिशातून काहीच जात नाही.’ साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्या दीड लाखाचे तीन लाख बारा हजार होतात. पॉलिसी सक्तीची आहे असं कागदावर कुठेच नसतं. ती घेतली नाही तर फाइल सरकत नाही, एवढंच. कर्ज दुसरीकडे हलवलं तर या पॉलिसीचं काय, हे विचारणारे विरळाच.

उलट ज्यांना लोक लूट समजतात असे काही आकडे सरकारी असतात. मालमत्तेवरचा बोजा नोंदवणाऱ्या सेरसाइची फी पाच लाखांपर्यंत ५० रुपये आणि त्यावर १०० रुपये, अधिक कर. महाराष्ट्रात २०१३ पासून गहाणाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, त्याचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. पावती मागितली तर सरकारचं किती आणि मधल्या माणसाचं किती, हे लगेच कळतं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, सगळे खर्च धरून काढलेल्या वार्षिक दरासह. त्यात न लिहिलेला आकार नंतर संमतीशिवाय लावता येत नाही. हे पत्रक मराठीतून मागता येतं. पण ते कर्जाच्या पहिल्या दिवसाचं असतं. सातव्या वर्षी आपण शेजारच्या नव्या गिऱ्हाइकापेक्षा किती जास्त भरतोय, ते त्यात येत नाही.

२०२५ मध्ये रेपो ६.५ वरून ५.२५ पर्यंत उतरला. सप्टेंबरअखेर रिझर्व्ह बँकेने स्प्रेडचा तीन वर्षांचा नियम सैल केला; बँकेला हवं तर जुन्या कर्जदाराचा स्प्रेड आता मुदतीआधीही कमी करता येतो. त्याच दुरुस्तीने स्थिर दरावर जाऊ देण्याची २०२३ ची सक्तीही बँकेच्या मर्जीवर सोडली. दोन्हीकडे ‘करता येईल’, ‘करावंच लागेल’ कुठेच नाही. त्यामुळे स्प्रेड उतरतोय तो दुसऱ्या बँकेचं सँक्शन लेटर हातात घेऊन शाखेत जाणाऱ्यांचा. बाकीच्यांचा हप्ता पाच तारखेला नियमाने जातोय.