लाकडं भरपूर, जाळ मात्र मंद

गोड खाल्ल्यानेच मधुमेह होतो, हा समज अपुरा आहे. तंतुकणिका (पेशीत अन्नापासून ऊर्जा तयार करणारा सूक्ष्म भाग, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया) मंदावल्या, तरी साखरेचं गणित बिघडतं. चुलीत लाकडं ठासली आणि वाराच लागला नाही, तर धूर होतो, तसंच काहीसं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना साखर वाढल्याचं कळतं तेच मुळी तंतुकणिकांच्या या ऊर्जेवरून. ती कमी पडली की इन्सुलिनही कमी सुटतं.

तंतुकणिकांच्या डीएनएतल्या एका बदलामुळे मधुमेह आणि बहिरेपण एकत्र येतात, हे १९९२ मध्ये दिसलं. तो बदल फक्त आईकडून येतो. असे रुग्ण थोडेच. नेहमीच्या टाइप २ मधुमेहात बिघाड आधी की साखर आधी, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. रोजच्या व्यायामाने मात्र स्नायूंतल्या तंतुकणिका वाढतात.