अंड्यावरचें पाऊल
युगांडाच्या उत्तरेस, गुलू नगराभोंवतालच्या अचोली मुलखांत, जोसेफ कोनी याच्या बंडखोर सैन्यानें 1987 पासून सुमारें वीस वर्षें हजारों मुलांस घरांतून उचलून नेलें. कित्येकांच्या हातून प्रथम आप्ताचा वा शेजाऱ्याचाच वध करविला जाई. हेतु उघड होता: परतीची वाटच उरूं नये.

तरीहि पुष्कळ मुलें परतलीं. त्यांना रात्रीं झोंप येत नसे. मारलेल्याचा चेहरा डोळ्यांपुढें उभा राही. पाश्चात्य वैद्यक यास आघातजन्य मनोविकार म्हणतें. अचोली लोक ‘चेन’ म्हणतात, म्हणजे मृताचा पाठीं लागलेला आत्मा. हा आत्मा घरांतल्या इतरांसहि बाधतो अशी समजूत असल्यानें शेजारीपाजारीहि अशा मुलास बिचकत.

परतलेल्यानें कच्चें अंडें पायानें फोडून मग घरांत यावें, अशी तेथील रीत. अंडें ही निष्पापतेची खूण. याला भाबडेपणा म्हणणें सोपें आहे. पण त्या वेळीं चार माणसांदेखत घर त्याला ‘ये’ म्हणतें, आणि तें औषधाच्या गोळीला साधत नाहीं.

मुलींचें दुःख मात्र एवढ्यानें सरलें नाहीं. बंडखोर नायकांनीं बळेंच बायका करून ठेविलेल्या कित्येक मुली कडेवर मूल घेऊन परतल्या. अचोलींत कूळ व जमीन बापाकडून येते. या मुलांचा बाप रानांत मेलेला, नाहीं तर ठाऊकच नसलेला. अंड्यावर पाऊल ठेवून आई घरांत आली, तरी वयांत आलेल्या तिच्या मुलानें कसायला जमीन मागितली कीं, मामा तोंड फिरवितो.