फ्यूजलाही पासपोर्ट लागतो!

उरणहून कॉलेजला ये-जा करणाऱ्यांना कंटेनरचं आता काही अप्रूप राहिलेलं नाही. ट्रेलरच्या रांगेत एसटी अडकली की वैताग येतो, एवढंच. १९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावा-शेवाचं बंदर, म्हणजे आपलं जेएनपीटी, देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. आता समजा, एकाच कारखान्यातल्या एकाच मॉडेलचे मिक्सर दोन कंटेनरमध्ये भरलेत. एक चाललाय इंग्लंडला, दुसरा अमेरिकेला. बाहेरून बघितलं तर फरक प्लगचा. पण आतला फ्यूजही वेगळा हवा, आणि तो चुकला तर कुणाच्या तरी घरात आग लागू शकते.

अलिबाग-रेवदंड्याकडच्या जुन्या घरांत मीटरजवळ अजूनही चिनीमातीचे पांढरे किटकॅट दिसतात. लाइट गेली की कुणीतरी स्टुलावर चढून फ्यूज बांधतं. फ्यूजची तार हाताशी नसेल तर वायरीतले दोन-चार धागे ओढून गुंडाळायचे. पुन्हा उडाला तर आणखी दोन! हा जुगाड भयंकर आहे. फ्यूजने आधी वायर वाचवायची असते, उपकरणाचं नंतर. भिंतीतली वायर तापून पेटायच्या आत त्याने स्वतः वितळायचं. कधीच न उडणारा फ्यूज घरात असणं म्हणजे फ्यूज नसणंच.

उपकरणाच्या पोटात असते ती काचेची छोटी नळी. तिच्यावर लिहिलेलं असतं, १ अँपिअर. आता अँपिअर तर सगळीकडे सारखाच, मग देशाचा काय संबंध? इथेच गंमत आहे. युरोपसह बरेच देश आयईसी ६०१२७ हे मानक मानतात, उत्तर अमेरिकेत यूएल २४८-१४ चालतं. १ अँपिअरच्या फ्यूजमधून १.४ अँपिअर सोडा. यूएलचा फ्यूज तासाभरात उडालाच पाहिजे. आयईसीच्या नेहमीच्या प्रकारातला फ्यूज मात्र निदान तासभर टिकलाच पाहिजे. छापलेला आकडा तोच, वागणूक बरोबर उलटी! म्हणून यूएलच्या फ्यूजमधून कायमचा प्रवाह त्याच्या आकड्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच ठेवायचा, असा डिझायनरांचा नियम आहे. अमेरिकेसाठी बनवलेल्या वस्तूत कुणी 'तेवढाच तर आहे' म्हणून १ अँपिअरचा युरोपीय फ्यूज बसवला, तर तो वेळेवर उडणार नाही आणि आतली वायर निमूटपणे तापत राहील.

यूएल म्हणजे अंडररायटर्स लॅबोरेटरीज. नावातच विमावाले आहेत. १८९४ मध्ये शिकागोत ही सुरू झाली, तेव्हा नव्या विजेमुळे लागणाऱ्या आगींची धास्ती विमा कंपन्यांनी घेतली होती. पैसे ज्यांना भरावे लागतात, त्यांनाच सुरक्षेची घाई असते.

व्होल्टेजचाही हिशेब बघा. ६०० वॅटच्या उपकरणाला आपल्या २३० व्होल्टवर साधारण २.६ अँपिअर लागतात. अमेरिकेच्या १२० व्होल्टवर तेच ५ होतात, जपानच्या १०० व्होल्टवर ६. म्हणजे फ्यूजही बदलला आणि वायरची जाडीही. शिवाय १२५ व्होल्टचा फ्यूज २५० व्होल्टच्या जागी चालत नाही. आतली तार वितळली तरी आर्क पेटता राहू शकतो. उलटं मात्र चालतं.

त्याहून जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेकिंग कपॅसिटी. शॉर्टसर्किटमध्ये प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो. साध्या काचेच्या फ्यूजची तो सुखरूप तोडण्याची क्षमता ३५ अँपिअर किंवा त्याच्या आकड्याच्या दहापट, यातली जी जास्त असेल तेवढीच. त्यापुढे काच फुटूसुद्धा शकते. वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज १५०० अँपिअरपर्यंत झेपवतो. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि स्वस्तातला काचेचा उचलला जातो.

इंग्लंडचं प्रकरण आणखी वेगळं. दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याची टंचाई होती, म्हणून तिथे घरभर एकच वायर गोल फिरवून सगळे सॉकेट तिच्यावर जोडायची पद्धत आली. त्या रिंगचं संरक्षण ३०-३२ अँपिअरचं. टेबल लॅम्पची बारीक वायर तेवढ्याने जळून जाईल, म्हणून प्रत्येक प्लगमध्येच स्वतंत्र फ्यूज. साधारण ७०० वॅटपर्यंत ३ अँपिअरचा, लाल. पुढे १३ चा, तपकिरी. १९९४ च्या नियमांनुसार बहुतेक घरगुती उपकरणं तिथे असा प्लग लावूनच विकावी लागतात.

पुढच्या वर्षी बाहेर शिकायला जाणाऱ्यांच्या बॅगेत आई मिक्सर कोंबणारच. इंग्लंडला चालला असाल तर आत फ्यूज असलेलाच अडॅप्टर घ्या. अमेरिकेला नेऊच नका. नुसत्या अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही, आणि काही भारतीय कंपन्या त्या बाजारासाठी ११० व्होल्टचे मिक्सर वेगळे बनवतात, ते तिथेच मिळतात.

लोणेऱ्याला किंवा आयटीआयला इलेक्ट्रिकल करत असाल, प्रोजेक्टचं प्रॉडक्ट करायचं डोक्यात असेल, तर फ्यूजच्या टोपीवरची बारीक अक्षरं वाचायला शिका. 'टी ३.१५ ए एल २५० व्ही' असं काहीतरी असतं. 'एल' म्हणजे कमी ब्रेकिंग कपॅसिटी, 'एच' म्हणजे जास्त. 'टी' आणि 'एफ' जर्मन शब्दांवरून आलेत, मंद आणि चपळ. सुपारीच्या वाडीतला पंप चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट खेचतो, तेव्हा चपळ फ्यूज उगीचच उडेल. मोटर असेल तिथे 'टी' लावा. आणि नमुना पाठवण्याआधी आकड्याशेजारी त्या देशाच्या मान्यतेचा शिक्का आहे का ते बघा. माल बंदरातून निघाल्यावर फ्यूज बदलायला तिकडे कुणी स्टुलावर चढणार नाही.