तरण तलाव 'तोट्यात' जातो म्हणजे नेमके काय होते?

महापालिकेचा तरण तलाव बंद पडला की ठरलेली कारणे पुढे येतात: उत्पन्नापेक्षा खर्च जास्त, पाण्याची टंचाई, निविदेला प्रतिसाद नाही. ही कारणे खोटी नसतात, पण अर्धवट असतात. तलाव बांधण्याचा खर्च भांडवली तरतुदीतून एकदाच होतो आणि त्याचे वाजतगाजत उद्घाटनही होते. चालवण्याचा खर्च दरवर्षी येतो, आणि नेमका तोच मंजुरीच्या वेळी कुणी मांडलेला नसतो. तलावांबद्दलचे बहुतेक गैरसमज या न मांडलेल्या हिशेबातून जन्मतात.

गैरसमज: तलावाने आपला खर्च आपणच काढला पाहिजे

५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल अशा ऑलिम्पिक आकाराच्या तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. हे सगळे पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचे, तर पंपाला ताशी चार लाख लिटरहून जास्त पाणी ओढावे लागते. पाण्यात दहा जण असोत की दीडशे, पंप तेवढाच चालतो आणि काठावरचे जीवरक्षकही कमी करता येत नाहीत. खर्च असा बांधलेला असताना शुल्क वाढवले आणि त्यामुळे माणसे घटली, तर तूट कमी होईलच असे नाही. प्रत्येक पोहणाऱ्यामागचा खर्च मात्र नक्की वाढतो. म्हणून तलावाला किती तोटा झाला, एवढेच विचारून भागत नाही. एका माणसाच्या एका तासामागे पालिकेला किती पैसे घालावे लागले आणि किती तास तलाव रिकामा राहिला, हे विचारायला हवे. मग सगळ्यांना फुकट सोडायचे का? तसे नाही. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या बॅचना पुरेसे शुल्क लावावे आणि दुपारचे ओस पडणारे तास पालिकेच्या शाळांना द्यावेत. पंपाचा खर्च तसाही होतच असतो. या मुलांसाठी वाढीव खर्च येतो तो प्रशिक्षक आणि जीवरक्षकांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार देशात वर्षाला ३५ हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. ते पाहता पोहायला शिकवणे हा सार्वजनिक सुरक्षिततेवरचा खर्च ठरतो.

गैरसमज: ठेकेदाराला दिला की प्रश्न मिटतो

ठेका देणे वाईट नाही. पालिकेकडे प्रशिक्षित माणसे नसतील तर ते शहाणपणाचेही आहे. प्रश्न ठेक्याच्या अटींचा आहे. जो पालिकेला वर्षाकाठी जास्तीत जास्त रक्कम देईल त्याला तलाव, असा करार झाला की ठेकेदार ती रक्कम कुठून तरी वसूल करणारच. पंपाचे तास, रसायने आणि जीवरक्षक यांना कात्री लावणे हा त्याचा सोपा मार्ग. यातले काहीही पोहणाऱ्याला लगेच दिसत नाही. शिवाय टाइल्स निखळल्या किंवा फिल्टर निकामी झाला, तर दुरुस्ती कुणाची यावर दोन्ही बाजू पत्रव्यवहार करत बसतात आणि तलाव कोरडा पडतो. याउलट शुल्क पालिकेने ठरवावे, मोठी दुरुस्ती स्वतःकडे ठेवावी, ठेकेदाराला चालवण्याचा ठरावीक मोबदला द्यावा आणि पाण्याची तपासणी नापास झाली की त्यातून कपात करावी. असे केले तर ठेकेदाराचा फायदा आणि पोहणाऱ्याची सुरक्षितता एकाच दिशेने जाते. मात्र त्यासाठी तपासणी खरी हवी.

गैरसमज: क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छ पाणी

डोळे चुरचुरवणारा वास बहुधा क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त घटकांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होते. म्हणजे वास जितका उग्र, तितके क्लोरीन आधीच खर्ची पडल्याची शक्यता जास्त. आपल्याकडे सर्रास होणाऱ्या ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले की सगळे निर्धास्त होतात. पण ती चाचणी मोकळे आणि संयोग पावलेले क्लोरीन एकत्रच मोजते. डीपीडी गोळ्यांच्या चाचणीत दोन्ही वेगवेगळे कळते. तेव्हा करारात नुसते 'पाणी स्वच्छ ठेवावे' असे लिहून उपयोग नाही. कोणती चाचणी, दिवसातून किती वेळा आणि आकडे कोणत्या फलकावर, हे लिहिले तरच कपातीच्या अटीला अर्थ राहतो.

गैरसमज: टंचाईत तलाव म्हणजे पाण्याची उधळपट्टी

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. दरडोई १३५ लिटरच्या हिशेबाने २५ लाख लिटर म्हणजे साडेअठरा हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी. बंगळुरूने मार्च २०२४च्या टंचाईत तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यावर बंदी घातली, ती योग्यच होती. पण हे पाणी रोज बदलले जात नाही. गाळून तेच पुन्हा वापरले जाते. रोज घट होते ती बाष्पीभवनाने, फिल्टर धुण्याने आणि गळतीने. एवढ्या मोठ्या तलावाची पातळी एक सेंटिमीटर उतरली तरी साडेबारा हजार लिटर पाणी गेलेले असते. त्यामुळे जुन्या तलावाची गळती काढणे हीच मोठी पाणीबचत आहे, आणि तिला पैसे लागतात ते पुन्हा देखभालीच्या तरतुदीतून.

रस्ते आणि पाणीपुरवठा आधी, हे म्हणणे रास्त आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६६मध्ये जलतरण तलाव ऐच्छिक कामांत मोडतात. पण 'ऐच्छिक' याचा अर्थ हौसेने बांधावे आणि मग वाऱ्यावर सोडावे असा होत नाही. पैसा अपुरा असेल तर नवा तलाव बांधू नये, आहेत ते नीट चालवावेत. नव्याला मंजुरी देताना ठरावात पुढच्या दहा वर्षांचा चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च, तो कोणत्या लेखाशीर्षातून येणार आणि दुपारचे तास कुणाचे, एवढे लिहिलेले असावे. ते लिहिता येत नसेल, तर तो प्रस्ताव तिथेच परत पाठवावा.